मुलांच्या मणक्याचा टीबी: आधी बायोप्सी की आधी गोळ्या?

प्रश्न · बालरोग_निवासी

७ वर्षांची मुलगी, वजन १८ किलो. अडीच महिन्यांपासून पाठ दुखते, रात्री झोपेतून रडत उठते. संध्याकाळी बारीक ताप, भूक मंद, चार महिन्यांत वजन वाढलेलं नाही. जमिनीवरची वस्तू उचलायला सांगितली की कंबरेतून वाकत नाही, पाठ ताठ ठेवून गुडघे मुडपते आणि खाली बसून उचलते. पाठीच्या मध्यावर एक मणका बोटाला किंचित उंच लागतो, त्यावर ठोकलं की दुखतं. पायांची ताकद पूर्ण आहे, तळव्याचा प्रतिक्षेप सामान्य, घोट्याला क्लोनस (पाऊल झटक्याने वर केलं की होणारी लयबद्ध थरथर) नाही. लघवी-संडासची तक्रार नाही.

दीड महिन्यापूर्वीच्या एक्स-रेचा अहवाल 'नॉर्मल' होता. आता एमआरआयमध्ये डी ८, ९ आणि १० (पाठीचा आठवा, नववा आणि दहावा) या मणक्यांत सूज, डी ९ पुढून खचलेला, दोन्ही बाजूंना पातळ भिंतीचं गळू, मज्जारज्जूच्या पुढच्या आवरणाला थोडा स्पर्श. ईएसआर (दाह दाखवणारी रक्तचाचणी) ४८, मांटू (टीबीची त्वचाचाचणी) १४ मिमी, छातीचा एक्स-रे स्वच्छ, एचआयव्ही निगेटिव्ह. घरातल्या एका प्रौढाला गेल्या वर्षी फुफ्फुसाचा टीबी झाला होता आणि औषधं मध्येच सुटली होती. आमच्याकडे येण्याआधी ६ दिवस लिव्होफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक दिलेलं आहे.

चित्र इतकं स्पष्ट असताना बायोप्सीसाठी (सुईने हाडाचा तुकडा काढून तपासण्यासाठी) थांबावं की लगेच टीबीची चार औषधं सुरू करावीत? पालक सुईला घाबरले आहेत. मात्रा, पट्टा, शस्त्रक्रिया याबद्दलही नेमकं सांगितलंत तर उपयोग होईल.

उत्तर · कणा_शल्यचिकित्सक

बायोप्सी करा. या मुलीच्या बाबतीत तर नक्कीच, कारण घरातल्या रुग्णाने औषधं अर्धवट सोडली होती. तिला झालेला जंतू औषधाला दाद देणारा आहे की नाही हे एमआरआय सांगू शकत नाही. नेहमीची चार औषधं सुरू केली आणि जंतू त्यातल्या रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला प्रतिरोधक निघाला, तर ते लक्षात यायला चार-पाच महिने जातात. तेवढ्या काळात ७ वर्षांच्या मुलीचे आणखी दोन मणके खचू शकतात. खचलेला मणका परत उभा राहत नाही.

दुसरं कारण: हेच चित्र इतर आजारांतही दिसतं. पू करणाऱ्या जंतूंचा संसर्ग, ब्रुसेला, बुरशी, लँगरहान्स पेशींचा हिस्टिओसायटोसिस, ल्युकेमिया, ईविंग सार्कोमा ही सगळी मुलांच्या मणक्यात येतात. मांटू १४ मिमी म्हणजे तिला कधीतरी टीबीचा संसर्ग झाला, एवढंच. आजार मणक्यातच आहे हे त्यातून ठरत नाही. उलट कुपोषित मुलात मणक्याचा टीबी असूनही मांटू निगेटिव्ह येऊ शकते. इग्रा या टीबीच्या रक्तचाचणीची मर्यादाही तीच.

लिव्होफ्लॉक्सासिन आजच बंद करा. ते टीबीच्या जंतूवर काम करतं, कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याची चाचणी) दाबून टाकतं, आणि एकटंच दिल्याने त्याच्याविरुद्ध प्रतिरोध तयार होण्याची भीती असते. अमिकॅसिन आणि लिनेझोलिडचंही तसंच. निदान होण्याआधी मणक्याच्या दुखण्यावर ही तीन औषधं देणं ही सगळ्यात नेहमीची चूक आहे. मुलीचे पाय ठणठणीत आहेत तोवर एक ते दोन आठवडे कोणतंही प्रतिजैविक न देता थांबून बायोप्सी करता येते. या काळात झोपवून ठेवा आणि रोज पाय तपासा. पायात कमजोरी दिसली किंवा क्लोनस आला तर वाट पाहू नका, नमुना त्याच दिवशी घ्या आणि औषधं सुरू करा.

पालकांना सांगताना 'सुई टोचायची' एवढंच सांगू नका. पुढचं वर्षभर रोज कोणत्या गोळ्या द्यायच्या हे त्या तुकड्यावर ठरणार आहे, हे सांगितलं की बहुतेक जण तयार होतात. मुलांत ही प्रक्रिया भूल देऊन, सीटीच्या मदतीने करतात. डी ८–१० ला सुई पेडिकलमधून (मणक्याचा पुढचा आणि मागचा भाग जोडणाऱ्या हाडातून) किंवा बरगडी आणि मणक्याच्या सांध्याजवळून नेतात. ११ ते १३ गेजची हाडाची सुई वापरून चार ते सहा तुकडे काढावेत, आणि गळू असेल तर पूही ओढून घ्यावा. फक्त पू घेऊन थांबू नका. गळूच्या मधल्या पुवात जंतू फार थोडे असतात, ते भिंतीत आणि हाडाच्या कडेला जास्त सापडतात.

उत्तर · क्ष_किरण_तज्ज्ञ

एक्स-रे 'नॉर्मल' होता याचं आश्चर्य वाटू देऊ नका. हाडातलं ३० ते ४० टक्के खनिज गेल्याशिवाय साध्या एक्स-रेवर काही दिसतच नाही. मुलाची पाठ तीन आठवड्यांहून जास्त दुखत असेल, रात्री झोपमोड होत असेल किंवा पाठ ताठ असेल, तर नॉर्मल एक्स-रे हाती घेऊन घरी पाठवू नये. प्रौढांची पाठ कामाने दुखते, मुलांची सहसा दुखत नाही.

तुमच्या एमआरआयवर टीबीच्या बाजूने काय आहे ते सांगतो. शेजारशेजारचे तीन मणके, चकतीची उंची बऱ्यापैकी शाबूत, गळूची भिंत पातळ आणि सारखी, आणि पुढच्या अस्थिबंधाखालून पसरलेला पू. पू करणाऱ्या संसर्गात चकती लवकर नासते आणि गळूची भिंत जाड, खडबडीत असते. सीटी केलात तर गळूत कॅल्शियमचे कण आणि हाडाचे सुटे तुकडे शोधा. गळूत कॅल्शियम असेल तर टीबीकडे पारडं चांगलंच झुकतं. अपवाद मात्र आहेत. मुलांच्या चकतीला रक्तपुरवठा असतो, म्हणून टीबीतही ती लवकर खराब होऊ शकते. एकच मणका चपटा झालेला आणि वरच्या-खालच्या चकत्या अगदी सुंदर दिसत असतील तर हिस्टिओसायटोसिस आधी डोक्यात आणा.

पूर्ण कण्याचा एमआरआय झाला आहे का? फक्त दुखऱ्या भागाचा काढला असेल तर मानेपासून माकडहाडापर्यंत किमान एक टी२ किंवा स्टर क्रम (एमआरआयचे सूज दाखवणारे प्रकार) करून घ्या. मध्ये निरोगी मणके सोडून दुसरीकडे आजार असणं या रोगात नवल नाही. आणि उभं राहून, बाजूने काढलेला एक्स-रे आजच हवा. एमआरआय झोपून होतो, त्यात बाक कमी दिसतो. पुढे कुबड वाढतंय का हे याच एक्स-रेशी ताडून पाहावं लागतं.

उत्तर · सूक्ष्मजीव_प्रयोगशाळा

बायोप्सी उत्तम होते आणि सगळे तुकडे फॉर्मलिनच्या बाटलीत जातात. हे इतक्यांदा घडतं की ते वेगळंच लिहावंसं वाटतं. फॉर्मलिनमध्ये गेलेल्या तुकड्यावर कल्चर होत नाही, आणि जीनएक्स्पर्टचाही (टीबीचा डीएनए आणि रिफॅम्पिसिनचा प्रतिरोध शोधणाऱ्या चाचणीचा) भरवसा राहत नाही. भूल देण्याआधीच दोन वेगळ्या बाटल्या नाव लिहून ठेवा.

पहिली निर्जंतुक, आत थोडं नॉर्मल सलाईन, तुकडा ओला राहील इतकंच. यातून जीनएक्स्पर्ट, टीबीचं द्रव कल्चर, साधं जीवाणू कल्चर आणि बुरशीचं कल्चर. दुसरीत फॉर्मलिन, ती पॅथॉलॉजीला. पू असेल तर कापसाच्या बोळ्यावर पाठवू नका, सिरिंजमधून निर्जंतुक बाटलीत पाठवा, जमेल तितका, १ मिलीपेक्षा कमी नको. काही तासांत प्रयोगशाळेत पोहोचत नसेल तर २ ते ८ अंशांत ठेवा. गोठवू नका.

हाडाचा तुकडा जसाच्या तसा जीनएक्स्पर्टच्या कार्ट्रिजमध्ये टाकून उपयोग नाही. निर्जंतुक कात्रीने बारीक करायचा, २ मिली बफर सलाईनमध्ये घोटायचा. त्यातलं ०.७ मिली घेऊन दुप्पट, म्हणजे १.४ मिली नमुना-द्रव घालायचा, हलवायचं, १० मिनिटं थांबायचं, पुन्हा हलवून ५ मिनिटं थांबायचं आणि त्यातलं २ मिली कार्ट्रिजमध्ये. ही घोटण्याची पायरी गाळली की जंतू तुकड्यातच अडकून राहतात आणि उत्तर 'नाही' येतं.

निकाल साधारण दोन तासांत येतो. तो वाचताना तीन गोष्टी ध्यानात असू द्या. हाडाच्या टीबीत जंतू मुळातच थोडे असतात, म्हणून निगेटिव्ह जीनएक्स्पर्टने टीबी नाही असं ठरत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला तर मिलीमागे ५ ते १० हजार जंतू लागतात, म्हणून तिथे निगेटिव्ह येणं हेच नेहमीचं. अल्ट्रा कार्ट्रिजवर 'ट्रेस' असा निकाल आला तर मुलांत आणि फुफ्फुसाबाहेरच्या नमुन्यांत तो पॉझिटिव्हच धरतात, मात्र त्यातून रिफॅम्पिसिनबद्दल काही कळत नाही. आणि हे कार्ट्रिज आयसोनिआझिडचा प्रतिरोध पाहत नाही. त्यासाठी कल्चर उगवल्यावर लाइन प्रोब चाचणी सांगा, किंवा आयसोनिआझिड आणि फ्लुरोक्विनोलोन पाहणारं वेगळं कार्ट्रिज. म्हणूनच जीनएक्स्पर्ट पॉझिटिव्ह आलं तरी कल्चर रद्द करायचं नाही. द्रव कल्चर निगेटिव्ह म्हणायला ४२ दिवस वाट पाहावी लागते.

पॅथॉलॉजीलाही एक विनंती करा. हाड मऊ करायला तीव्र आम्ल वापरलं की त्या ब्लॉकवरून नंतर डीएनए चाचणी फसते. ईडीटीएने केलं तर तो मार्ग खुला राहतो.

बालरोग_निवासी

मनापासून आभार. लिव्होफ्लॉक्सासिन बंद केलं. दोन शंका. तुकड्यात ग्रॅन्युलोमा (दाहपेशींची गाठ) आणि केसिएशन (तिच्या मध्यातला चीजसारखा मृत भाग) दिसलं पण जीनएक्स्पर्ट निगेटिव्ह आलं, तर ४२ दिवस थांबायचं का? आणि औषधं सुरू करताना मात्रा वजनावर कशी बसवायची?

उत्तर · क्षयरोग_चिकित्सक

थांबायचं नाही. केसिएशनसह ग्रॅन्युलोमा, जुळणारा एमआरआय आणि घरातला रुग्ण एवढं असेल तर औषधं त्याच दिवशी सुरू करा, कल्चर मागून येऊ द्या. केसिएशन नसलेला ग्रॅन्युलोमा असेल तर ब्रुसेलाची रक्तचाचणी आणि बुरशीचे रंग पाहून मग ठरवा. घरातला जो प्रौढ आहे त्याचे जुने अहवाल आजच मिळवा, आणि खोकला असेल तर त्याची थुंकी पुन्हा तपासायला पाठवा. मुलीच्या हाडातून जंतू हाती नाही लागला तर त्याच्या जंतूचा प्रतिरोध हाच आपला सगळ्यात जवळचा पुरावा असतो.

मात्रा किलोमागे रोज अशी: आयसोनिआझिड १० मिग्रॅ (७ ते १५), रिफॅम्पिसिन १५ (१० ते २०), पायराझिनामाइड ३५ (३० ते ४०), एथाम्ब्युटॉल २० (१५ ते २५). मुलांसाठीच्या विरघळणाऱ्या एकत्रित गोळीत रिफॅम्पिसिन ७५, आयसोनिआझिड ५० आणि पायराझिनामाइड १५० मिग्रॅ असतं. वजनाचे टप्पे ४–७ किलोला १ गोळी, ८–११ ला २, १२–१५ ला ३, १६–२४ ला ४, आणि २५ किलोपासून पुढे प्रौढांच्या गोळ्या.

तुमची मुलगी १८ किलोची, म्हणजे ४ गोळ्या, शिवाय एथाम्ब्युटॉल १०० मिग्रॅच्या ४. हिशोब करून पाहा: आयसोनिआझिड २०० मिग्रॅ म्हणजे किलोमागे ११, रिफॅम्पिसिन ३०० म्हणजे १६.७, पायराझिनामाइड ६०० म्हणजे ३३, एथाम्ब्युटॉल ४०० म्हणजे २२. सगळं मर्यादेत बसतं. एकत्रित गोळ्या ५० मिली पाण्यात विरघळवून १० मिनिटांत, उपाशीपोटी द्यायच्या. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर पूर्ण मात्रा पुन्हा.

मुदत हा मुद्दा गुळगुळीत ठेवू नका. जागतिक आरोग्य संघटना मुलांच्या हाडा-सांध्यांच्या टीबीसाठी १२ महिने सांगते: पहिले २ महिने चारही औषधं, नंतर १० महिने आयसोनिआझिड आणि रिफॅम्पिसिन. काही देशांचे कार्यक्रम एथाम्ब्युटॉल शेवटपर्यंत चालू ठेवतात. तिथे तुमच्या कार्यक्रमाप्रमाणे जा. पण सहाव्या महिन्यात मूल खेळू-बागडू लागलं म्हणून औषध थांबवणं चूक. दुखणं आणि ताप पहिल्या सहा-आठ आठवड्यांतच जातात. हाडातल्या मेलेल्या तुकड्यांत, जिथे रक्त पोहोचत नाही, तिथे दबा धरून बसलेले जंतू इतक्यात मरत नाहीत.

सगळ्यात जास्त घात होतो तो वजनामुळे. मूल बरं होऊ लागलं की झपाट्याने भरतं. १५ किलोला ठरवलेल्या ३ गोळ्या २० किलो झाल्यावरही चालूच राहतात, आणि मात्रा नकळत कमी पडते. दर महिन्याला वजन, आणि टप्पा ओलांडला की त्याच दिवशी नवी मात्रा.

यकृताची चाचणी सुरुवातीला एकदा करा. पुढे नियमित करण्यापेक्षा पालकांना लक्षणं नीट शिकवणं जास्त कामाचं: सतत उलट्या, पोटात दुखणं, डोळे पिवळे होणं. असं काही दिसलं तर सगळ्या गोळ्या थांबवून लगेच यायचं. लक्षणांसह एएलटी (यकृताच्या चाचणीतलं एन्झाइम) सामान्याच्या तिपटीवर गेलं, किंवा लक्षणांशिवाय पाचपटीवर, तर औषधं थांबवायची. लघवी नारिंगी होणं मात्र रिफॅम्पिसिनमुळेच, ते आधी सांगून ठेवलं नाही तर घाबरून गोळ्या बंद करतात. वजन कमी असल्याने पायरिडॉक्सिन (बी६ जीवनसत्त्व) रोज १० मिग्रॅ जोडा. एथाम्ब्युटॉलची डोळ्यांची भीती या मात्रेत फार कमी आहे, त्यासाठी ते गाळू नका. तरी आधी आणि मध्ये एकदा नजर आणि रंगओळख पाहून नोंदवा.

स्टिरॉइड नको. ते मेंदूच्या आवरणाच्या टीबीत देतात, हाडाच्या टीबीत सरसकट त्याची जागा नाही.

आणखी एक. या मुलीची छाती स्वच्छ आहे, तिच्यापासून कुणाला लागण होत नाही. बसण्या-चालण्याची परवानगी मिळाली की शाळेत जाऊ द्या. घरातली ५ वर्षांखालची भावंडं मात्र आजच तपासा, आजार नसेल तर प्रतिबंधक उपचार द्या.

उत्तर · कणा_शल्यचिकित्सक

आता शस्त्रक्रिया आणि कुबड. औषधांनी टीबी बरा होतो, पण मुलांत त्याने गोष्ट संपत नाही.

आज शस्त्रक्रिया नको. पायांची ताकद पूर्ण आहे आणि गळू छोटं आहे. औषधं चालू झाल्यावर अशी गळवं बहुतेक विरतात. विरत नसेल आणि त्वचेकडे येऊ लागलं तर जाड सुईने, निरोगी त्वचेतून, गळूच्या सर्वांत खालच्या जागेपासून दूर, तिरकी वाट करून ओढा. सरळ चीर देऊन उघडलंत तर महिनोन्महिने वाहणारी वाट मागे लागते आणि तिथून दुसरे जंतू आत शिरतात.

शस्त्रक्रियेची वेळ येते ती अशी: औषधं सुरू असतानाही पायांची ताकद घटणं, तीन-चार आठवड्यांत कमजोरीत सुधारणा नसणं, लघवीवरचा ताबा जाणं, मानेच्या गळूमुळे श्वास किंवा गिळणं अडणं, किंवा कणा अस्थिर होणं.

हा शेवटचा मुद्दा मुलांत सगळ्यात महत्त्वाचा. कणा-शल्यचिकित्सक डॉ. एस. राजशेखरन यांनी मुलांसाठी 'धोक्यातल्या कण्याची' चार चिन्हं मांडली, ती साध्या एक्स-रेवर दिसतात. एक, बाजूच्या चित्रात मागचे लहान सांधे एकमेकांपासून सुटलेले. दोन, वरच्या आणि खालच्या निरोगी मणक्यांच्या मागच्या कडेच्या रेषा काढल्या तर रोगट मणक्याचा भाग त्या रेषांच्या मागे सरकलेला. तीन, समोरच्या चित्रात खालच्या निरोगी मणक्याच्या पेडिकलच्या मध्यातून काढलेली उभी रेषा वरच्या निरोगी मणक्याच्या पेडिकलला स्पर्श करत नाही. चार, खालच्या निरोगी मणक्याच्या पुढच्या कडेची रेषा वर नेली तर ती वरच्या निरोगी मणक्याच्या पुढच्या कडेला मध्याच्याही वर छेदते, म्हणजे वरचा मणका पुढे कलंडलेला आहे. प्रत्येकाला एक गुण. दोनपेक्षा जास्त गुण झाले तर बाक मोठा होणार असं धरून शस्त्रक्रियेचा विचार करा. वय १० पेक्षा कमी, पाठीत किंवा पाठ-कंबरेच्या सांध्यावर तीन किंवा जास्त मणके गेलेले, आणि सुरुवातीचाच बाक ३० अंशांहून जास्त, अशी मुलंही त्याच धोक्यात.

फक्त औषधांवर ठेवलेल्या रुग्णात शेवटी किती बाक राहील याचा अंदाजही बांधता येतो. किती मणके नष्ट झाले ते दशांशात मोजा, त्याला ३०.५ ने गुणा आणि ५.५ मिळवा. तुमच्या मुलीत समजा डी ९ चा अर्धा आणि डी ८, डी १० चा प्रत्येकी एक दशांश गेला, तर एकूण ०.७, म्हणजे साधारण २७ अंश. हे सोसण्यासारखं आहे. हाच आकडा १.८ असता तर ६० च्या वर गेला असता, आणि ६० च्या पुढचा बाक पुढे फुफ्फुसाला आणि कित्येक वर्षांनी मज्जारज्जूलाही भारी पडतो.

आणि मूल वाढतं, हे विसरू नका. आजार पूर्ण बरा झाल्यावरही काही मुलांत बाक वाढतो, काहींत तो वाढीबरोबर कमी होतो. मणक्याची पुढची वाढीची जागा नष्ट झाली आणि मागची वाढत राहिली की तो वाढतो. याच कारणाने लहान मुलात फक्त पुढून साफसफाई करून हाडाचा कलम बसवणं घातक ठरू शकतं. शस्त्रक्रिया करावीच लागली तर मागूनही पक्कं करायचं, म्हणजे मागची वाढ आवरली जाते.

पट्ट्याबद्दल. डी ८–१० साठी छाती-कंबरेचा कडक पट्टा, बसताना-उठताना पूर्ण वेळ, साधारण तीन ते सहा महिने. आजार डी ६ च्या वर असता तर हा पट्टा पुरला नसता, मानेपर्यंतचा जोड लागला असता. पट्टा दुखणं आवरतो, खचणं पूर्ण थांबवत नाही. त्याच्या भरवशावर एक्स-रे टाळू नका. कुबडाच्या टोकावर त्वचा लाल होते, तिथे रोज हात फिरवून पाहायचं आणि आतून मऊ गादी लावायची. महिनोन्महिने खाटेला खिळवून ठेवायची गरज नाही. कोरियातल्या मसान इथल्या तुलनात्मक चाचणीत औषधं चालू असताना सहा महिने झोपवून ठेवण्याचा चालत्या रुग्णांपेक्षा फायदा दिसला नाही. सुरुवातीचे काही आठवडे, दुखणं आणि स्नायूंचा आकस जाईपर्यंत, विश्रांती पुरे.

प्रश्न · ग्रामीण_वैद्यकीय_अधिकारी

चांगली चर्चा. आमच्याकडे मणक्यापेक्षा लंगडणारी मुलं जास्त येतात. खुबा आणि गुडघा यांबद्दलही कुणी थोडं लिहाल का? संधिवात समजून स्टिरॉइड दिलेली मुलं दिसतात.

उत्तर · बाल_अस्थिरोग

हा धोका खरा आहे. एकच सांधा सुजलेला, मोठ्या कुणाला खोकला, आणि गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन: पंधरा दिवस छान वाटतं, मग सांधा आतून पोखरला जातो. एकाच सांध्याची सूज सहा आठवडे टिकली तर सांध्यातलं पाणी आणि आवरणाचा तुकडा पाहिल्याशिवाय स्टिरॉइड देऊ नका. नुसतं पाणी कमी पडतं, आवरणाचा तुकडा जास्त सांगतो. नमुन्याचे नियम वर प्रयोगशाळेने लिहिलेत तेच.

खुब्यात, व्हायरल तापानंतरची तात्पुरती सूज एक-दोन आठवड्यांत जाते. तीन आठवड्यांनीही लंगडत असेल आणि रात्री किंचाळून उठत असेल तर एमआरआय. दिवसा आकसलेले स्नायू सांधा घट्ट धरून ठेवतात, झोपेत ते सैल पडले की सांधा हलतो आणि कळ येते, म्हणून ते रात्रीचं रडणं. पायाची ठेवण पाहून टप्पा ओळखता येतो. सुरुवातीला पाय थोडा वाकलेला, बाहेर फाकलेला आणि लांब वाटतो. पुढे तो आत ओढला जातो आणि आखूड वाटतो, मोजला तर लांबी सारखीच असते. खरोखरच आखूड झाला की हाड झिजलेलं असतं. पहिल्या टप्प्यात उपचार सुरू झाले तर सांधा बहुधा जवळपास पूर्ववत राहतो, तिसऱ्यात राहत नाही. एक्स-रेवर हाड सांध्याजवळ फिकट, कडांना खड्डे आणि सांध्याची फट हळूहळू कमी होणं, ही तिन्ही एकत्र दिसली तर टीबीचा विचार करा. पर्थिस आजारात (मुलांच्या खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो तो) फट कमी होत नाही, उलट रुंदावते.

औषधांबरोबर त्वचेवरून वजन लावून पाय ओढून ठेवायचा. त्याने आकस जातो, ठेवण सुधारते आणि सांध्याचे पृष्ठभाग एकमेकांवर घासत नाहीत. दुखणं थांबलं की दिवसातून काही वेळा वजन काढून हालचाल सुरू करायची, आधी बसणं, मग कुबड्यांवर पाय न टेकता, आणि चार-सहा महिन्यांनी हळूहळू भार. गुडघ्याला मागे सरकून वाकण्याची खोड असते, ती सुरुवातीलाच स्प्लिंट लावून अडवा. मुलांच्या हाडात टीबी वाढीची चकती ओलांडून जातो, म्हणून पुढे एक पाय लांब किंवा आखूड होऊ शकतो. गुडघ्याजवळ रक्तपुरवठा वाढल्याने सुरुवातीला तो पाय लांबही होतो. दर सहा महिन्यांनी मोजत राहा.

लहान मुलांच्या बोटांची फुगीर, फारशी न दुखणारी सूज आणि एक्स-रेवर आतून पोकळ, फुगलेलं हाड हाही टीबीच असू शकतो. सिकल सेलच्या मुलात तेच चित्र दुसऱ्या कारणाने येतं, ते आधी तपासा. आणि बीसीजीनंतर काही महिन्यांनी ते काही वर्षांत बाळाच्या हाडात एकच पोकळी दिसली तर लसीच्या जंतूमुळे झालेला ऑस्टिआयटिस (हाडाचा दाह) लक्षात ठेवा. तो जंतू पायराझिनामाइडला मुळातच दाद देत नाही. जीनएक्स्पर्ट त्याला टीबीच म्हणतं, वेगळं ओळखायला कल्चर आणि त्यावर जंतूची जात ओळखणारी चाचणी लागते. अशा बाळाची प्रतिकारशक्तीही तपासायला हवी.

बालरोग_निवासी

शेवटची शंका. बायोप्सीची तारीख ठरली आहे. औषधं सुरू झाल्यावर एमआरआय कधी करायचा, आणि उपचार चालत नाहीत हे कशावरून ओळखायचं?

उत्तर · क्षयरोग_चिकित्सक

आधी मुलीकडे पाहा, मग चित्राकडे. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला पायांची ताकद आणि क्लोनस, नंतर दर महिन्याला वजन, दुखणं, पाठीचा ताठरपणा. ईएसआर दोन महिन्यांनी एकदा. उभ्याने एक्स-रे दर तीन महिन्यांनी. एमआरआय ६ आणि १२ महिन्यांवर. लवकर केलात तर फसगत होते. हाडातली सूज अनेक महिने टिकते, गळू सुरुवातीला मोठंही दिसू शकतं. मुलगी खात असेल, वजन वाढत असेल आणि दुखणं कमी होत असेल तर केवळ एमआरआय तसाच आहे म्हणून औषध बदलू नका.

चार-पाच महिन्यांनी दुखणं तसंच, वजन जागच्या जागी, नवा मणका बाधित किंवा नवीन वाट वाहायला लागली, तर आधी गोळ्या रोज पोटात जातात का आणि मात्रा वजनाप्रमाणे आहे का ते पाहा. दोन्ही ठीक असेल तर पुन्हा बायोप्सी, पुन्हा कल्चर आणि औषध-संवेदनशीलता. अंदाजाने एक औषध वाढवू नका, त्याने उरलेली औषधंही हातची जातात. प्रतिरोध सिद्ध झाला तर तोंडावाटे देण्याच्या, बेडाक्विलिनसह लांब मुदतीच्या उपचारपद्धती आता मुलांतही वापरतात. इंजेक्शनची अमिकॅसिन-कॅनामायसिन शक्यतो टाळतात, कारण त्याने ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं.

उत्तर · कणा_शल्यचिकित्सक

गोळ्या संपल्यावर फाइल बंद करू नका. पहिली दोन वर्षं दर सहा महिन्यांनी, पुढे दरवर्षी, उंची वाढणं थांबेपर्यंत बाजूचा उभा एक्स-रे. कोन दर वेळी त्याच दोन निरोगी मणक्यांमध्ये मोजा आणि कोणते मणके घेतले ते अहवालात लिहा, नाहीतर तीन वर्षांनी आकडा वाढला की मोजणारा बदलला हे कुणालाच कळत नाही. उंची भराभर वाढते त्या वयात, साधारण १० ते १४, अंतर सहा महिन्यांचं करा.